चौथा स्क्रू

"आत्या, आहेस तशी ये. तुझं मशीन जळलंय म्हणतायत."

फोन भाचीचा होता. आत्याने खांदा वाकडा करून फोन कानाशी धरला आणि हातातलं काम खाली ठेवलं.

"जळलंय, की जळलंय म्हणतायत?"

"म्हणतायत. संध्याकाळी कमिटी बसतेय. छेडछाड केलेली सगळी मशीन क्लबातून बाहेर, आणि खिडकीजवळचं तुझं टेबलही बाहेर."

"उघडून पाहिलं कुणी?"

"बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. कपाटात बंद करून ठेवलंय."

"चला, एक तरी शहाणी आहे तिथे," आत्या म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या.

छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जुन्या व्हिडिओ गेमचा क्लब होता. किल्ल्या भाचीकडे. आत्या खरं तर तिची एकटीची आत्या, पण सगळा क्लब तिला आत्याच म्हणे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

तिचं काम थोडक्यात सांगायचं, तर घुसखोरांना मदत करणं. त्या जुन्या मशीनमध्ये कंपनीने एक रखवालदार बसवलेला असतो. कॅसेट दुसऱ्या देशातली असली, की तो दार उघडत नाही आणि पडदा काळाच राहतो. आत्या आत एक नखाएवढी चिप बसवायची. ती रखवालदाराला बोलण्यात गुंतवून ठेवायची आणि कुठलीही कॅसेट बिनबोभाट आत शिरायची. काहींना हे काम म्हणजे चमत्कार वाटे, काहींना पाप. आत्याला दोन्ही मतांचं सोयरसुतक नव्हतं. विकत घेतलेली वस्तू आपली, आणि आपली वस्तू उघडायला परवानगी कसली मागायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पण आज तिलाही घोर लागला. टेबल गेलं असतं तर एकवेळ चाललं असतं. तिने आजवर उघडलेल्या प्रत्येक मशीनवर 'या बाईने बिघडवलेलं' असा शिक्का बसणार होता, आणि तो पुसायला ती कुणाकुणाच्या घरी जाणार होती?

क्लबाच्या अध्यक्षा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांनी सर्वांसमोर कपाट उघडून मशीन टेबलावर ठेवलं.

"उघडा. पण आमच्या डोळ्यांदेखत."

आत्याने पिशवीतून दोन स्क्रूड्रायव्हर काढले. एक पोकळ तोंडाचा, कंपनीच्या खास स्क्रूसाठी. दुसरा साधा, चार खाचांचा. या मशीनला दोन्ही लागतात हे तिच्या हाताला पाठ होतं.

मशीन पालथं घालून तिने पोकळ स्क्रूड्रायव्हर फिरवायला सुरुवात केली. चार कोपरे, चार स्क्रू. ते एकेक करत बशीत पडले. साधा स्क्रूड्रायव्हर पिशवीवर पडून राहिला. आत्याने बशीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मग झाकण उचललं.

चिप काळी पडली होती, पोट फुटलं होतं.

"घ्या," मागून आवाज आला. "मी सकाळीच सांगितलं होतं."

हा कंपनीवाला. उभी हयात सर्व्हिस सेंटरमध्ये गेलेली. आत्याची चिप त्याला गाडीत बसवलेल्या भलत्याच इंजिनासारखी वाटायची, आणि हे तो तिच्या तोंडावर बोलायचा.

आत्याने झाकणाची आतली बाजू उजेडात धरली. करडं प्लॅस्टिक स्वच्छ होतं. मग चिपच्या वाटेवर तिने स्वतः बसवलेला चिमुकला फ्यूज तपासला. तो शाबूत होता.

"बाई, मला संध्याकाळपर्यंत तीन माणसांशी बोलू द्या. मग खुशाल टेबल उचला."

काल संध्याकाळपर्यंत मशीन चालत होतं आणि क्लब बंद होताना तिघेच मागे राहिले होते, असं भाचीने सांगितलं. पहिला बोटे. हे त्याचं आडनाव नव्हे. बटणांवर त्याची बोटं दिसत नसत इतकी भरभर चालत, म्हणून ते नाव पडलेलं. आज सकाळी मशीन त्यानेच लावलं होतं.

"काय झालं सांग."

"बटण दाबलं, सुरूच झालं नाही."

"धूर निघाला? वास आला?"

"काहीच नाही, आत्या. नुसतं मेलेलं."

"मशीन बंद करताना एखादा स्क्रू कमी पडला, तर तू काय करशील?"

बोटे हसला. "मी एकदा टीव्हीचा रिमोट उघडलेला. तो अजून चिकटपट्टीवर आहे."

कंपनीवाला तिच्यासमोर हाताची घडी घालून बसला.

"न उघडता चिप जळल्याचं कसं कळलं तुम्हाला?"

"अशी मशीन अशीच मरतात."

"समजा, ती चिप कुणाला काढायची असती, तर?"

"सोल्डर वितळवून काढावी लागेल. सराईत हात पाहिजे. इथे असे हात दोघांचेच, तुमचे आणि माझे. थेट विचारा ना, मी केलं का म्हणून."

"विचारलं असतं. पण आधी हे सांगा, स्क्रू कमी पडला तर काय करायचात?"

"तीनवर भागवायचो. झाकण बसल्याशी मतलब. चौकशी चाललीय की चेष्टा?"

तिसरा सीलबंद. सगळा क्लब त्याच्यावर जीव टाकायचा. त्याच्या घरी खोकी न फोडलेली मशीन होती, आणि खणात कंपनीचे सुटे स्क्रूसुद्धा कापसात निजवलेले असत. रोज संध्याकाळी तो क्लबातली काचेची कपाटं मऊ फडक्याने पुसायचा. छेडछाड केलेली मशीन बाहेर काढण्याचा आजचा ठरावही त्यानेच मांडलेला.

"तुमच्याबद्दल मनात काही नाही, आत्या. पण या वस्तू जशा जन्मल्या तशाच राहाव्यात. मी स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावत नाही."

"काल उशिरापर्यंत होतात?"

"कपाटं पुसत होतो."

"एखाद्या मशीनला स्क्रू कमी पडला तर..."

"कमी पडेलच कसा?" सीलबंद दुखावल्यासारखा म्हणाला.

आत्याने मान डोलावली. तिला हवं ते मिळालं होतं.

संध्याकाळी कमिटी जमली. बाईंनी चष्मा लावला. आत्या उभीच राहिली.

"आधी या चिपचं सांगते. ही चिप या मशीनमध्ये जळलेलीच नाही. पोट फुटेपर्यंत जळते आणि वर झाकणाला काजळीचा ठिपका लागत नाही? वास येत नाही? आणि फ्यूज? चिपने जास्त वीज ओढली, तर तिच्याआधी तो जातो. तो धडधाकट आहे. कुणीतरी दुसरीकडे जळालेली चिप आणून इथे बसवली आणि माझी जिवंत चिप नेली."

"म्हणजे कंपनीवाले," कुणीतरी पुटपुटलं. कंपनीवाला ताडकन उठला.

"बसा हो. तुम्ही नाही," आत्या म्हणाली. "तुम्हाला वाटतं चिप सोल्डर केलेली असते. माझी नसते. बोर्डावर मी सॉकेट बसवते आणि चिप त्यात नुसती दाबते. हे पाहा." तिने काळी चिप चिमटीत धरून उपटली. "सराईत हात लागतच नाही. ज्याने माझ्या हातचं मशीन आतून पाहिलंय, त्याला हे ठाऊक असतं."

"मग कोण?" बाईंनी विचारलं.

आत्याने बशी पुढे सरकवली.

"या मशीनचा एक स्क्रू कधीच हरवला होता. त्या जागी मी साधा घातला होता, भाचीच्या समोर. म्हणून आज दोन स्क्रूड्रायव्हर आणले. पण चारही एकाच स्क्रूड्रायव्हरने निघाले. कारण चौथा कंपनीचा, खरा, जुना स्क्रू आहे. बोटेने चिकटपट्टी लावली असती, कंपनीवाल्यांनी तीनवर भागवलं असतं. चोर आला, चिप घेतली, झाकण लावायला गेला आणि त्याला तो साधा स्क्रू दिसला. तसंच बंद करणं त्याच्या जिवावर आलं. इथून एक वस्तू नेली आणि एक ठेवून गेला. असा चोर मी तरी पाहिलेला नाही."

सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. सीलबंद मांडीवरचं फडकं घडी करत होता. त्याची घडी काही केल्या नीट बसेना.

"भावाने आणलेली कॅसेट आहे," तो खाली मान घालून म्हणाला. "थोरल्या. परदेशातून आणलेली. आमच्या मशीनने घेतलीच नाही. भाऊ गेला, ती तशीच राहिली. मग जुन्या बाजारात तुमच्या हातचं मशीन मिळालं, फार पूर्वीचं, फ्यूज नसलेलं. कुणीतरी भलताच अ‍ॅडॉप्टर लावून त्याची चिप घालवलेली."

"माझ्याकडे यायचं होतं."

"कोणत्या तोंडाने?"

"आणि ठराव? तो कोणत्या तोंडाने मांडलात?"

"मशीन बंद पडल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले, मी काय बोलतो म्हणून. नाही म्हणालो असतो, तर संशय आला असता."

आत्याला संताप आला. या माणसाच्या संकोचापायी तिचं नाव मातीत जाणार होतं. पाठोपाठ त्याची कीवही आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

"खेळलात तरी का?"

"सकाळी. पहिल्याच खड्ड्यात पडतो. सारखा."

"उडीचं बटण दाबून धरायचं असतं, काका," बोटेच्या तोंडून निघून गेलं. कुणी हसलं नाही.

बाईंनी घसा साफ केला. "ठराव रद्द. यांच्याबद्दल काय करायचं ते नंतर ठरवू. आत्या, तुमचं टेबल राहील. फक्त यापुढे कमिटीच्या देखरेखीखाली..."

"नाही," आत्या म्हणाली. "देखरेख चोरावर ठेवा. टेबल राहील ते पूर्वीसारखं. तुमच्यातलं कुणीही या, शेजारी बसून बघा, हात काळे करा. पण मी परवानगी मागून मशीन उघडणार नाही. तेवढ्यासाठी टेबल जाणार असेल, तर भाची, दुसरं टोक धर."

भाची खरंच उठली आणि तिने टेबलाचं टोक धरलं. बाईंनी दोघींकडे पाहिलं, मग ठरावाच्या कागदावर आडवी रेघ मारली.

"आणि यांचं मीच ठरवते, तुमची हरकत नसेल तर," आत्या सीलबंदकडे वळली. "उद्या क्लब भरलेला असताना या. ते मशीन खोक्यात नाही, उघडं हातात धरून आणा. माझी चिप परत द्या. मग सगळ्यांदेखत म्हणा, आत्या, याला चिप बसवून द्या. मी बसवून देईन."

सीलबंदचा चेहरा पांढराफटक पडला. पोलीस बोलावले असते, तर कदाचित त्याला सोपं गेलं असतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

आत्याने झाकण लावायला घेतलं. कंपनीचे तीन स्क्रू तिने जागच्या जागी घट्ट केले. चौथा उचलून सीलबंदच्या तळहातावर ठेवला.

"हा तुमचा. कापसात ठेवा."

मग पिशवीच्या तळाशी हात घालून तिने एक साधा स्क्रू शोधून काढला, दुसरा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रिकामं भोक बंद केलं.