अकरा जणांची भट्टी

तो तिला पहिल्यांदा दिसला तो काचेतून. मधाच्या रंगाचा.

सकाळची वेळ होती. धाकटी निवडीच्या खोलीत खिडकीपाशी उभी राहून दिव्याची एकेक शेड उन्हात धरून बघत होती. हातातली शेड तिने जराशी वळवली, तर पलीकडे एक चेहरा... सोनेरी, किंचित वाकडा, तिच्याकडेच बघणारा.

"काठाजवळ बुडबुडा आहे," चेहरा म्हणाला. "बाद करा."

तिने शेड खाली घेतली. समोर खांद्याला अवजारांची पिशवी लावलेला एक उंच तरुण उभा होता. इंजिनिअर आहे, भट्टी तपासायला आलोय, म्हणाला. बारा दिवसांचं काम आहे.

"भट्टी त्या बाजूला आहे," ती म्हणाली. "इथे बुडबुडे आम्ही तपासतो."

तो हसून गेला. धाकटीने ती शेड बाद केली नाही. चौघांना दाखवली. तिघं म्हणाले, बुडबुडा छान दिसतोय, राहू द्या. दुपारी हे कळल्यावर इंजिनिअर थक्क झाला. एका बुडबुड्यासाठी चार माणसं?

हा काचेच्या शेड बनवणारा लहानसा कारखाना तिच्या आत्याने तीस वर्षं एकहाती चालवला होता. आत्या म्हणेल ती पूर्व दिशा. गुडघ्यांनी दगा दिला तसा तिने चार महिन्यांपूर्वी कारभार या धाकट्या भाचीकडे सोपवला, पण रोज अकरा वाजता येऊन खुर्ची टाकून बसायची. धाकटीचा स्वभाव वेगळा. ती सगळ्यांना विचारायची. सुरुवातीला कारागीर नुसते पायांकडे बघत उभे राहायचे. इतक्या वर्षांत त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. हळूहळू बोलायला लागले. मग इतके बोलायला लागले की साध्या रंगाचा निर्णयही दोन दिवस लांबायचा, आणि आत्या खुर्चीतल्या खुर्चीत सुस्कारे सोडायची.

इंजिनिअरचं अगदी उलटं. बघितलं, ठरवलं, मोकळा. कारागिरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'झटपट' ठेवलं.

संध्याकाळी काम थांबल्यावर दोघं मागच्या पायऱ्यांवर चहा घेत बसायचे. भट्टीची धग भिंतीतून पाठीला लागायची, समोर आकाश विझत जायचं. ती त्याला चिडवायची, की तुम्ही चहात साखर किती हेसुद्धा मला न विचारता ठरवलंत. तो म्हणायचा, बरोबर ठरवलं ना... ती आणखी एक घोट घ्यायची. साखर बरोबरच असायची.

एकदा तिने सरळ विचारलं, एवढी घाई कशाची असते? त्याने उरलेला चहा संपवला. मग त्याने सांगितलं. आधीच्या एका कारखान्यात भट्टी बंद करायची की नाही यावर तीन साहेबांचं एकमत होत नव्हतं. हा नवखा होता, गप्प बसला. तिसऱ्या दिवशी एका माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला.

"तेव्हापासून मला... कुणी विचार करत बसलं की भीती वाटते," तो म्हणाला.

तिने कप बाजूला ठेवला आणि थोडी सरकून बसली. त्यांच्या खांद्यांमध्ये आता बोटभर अंतर होतं. त्या बोटभर जागेचं भान तिला रात्री झोपेतही होतं.

दहाव्या दिवशी त्याला भट्टीच्या मागच्या भिंतीत बारीक तडा दिसला. दोन दिवसांत भट्टी विझवा, त्याने सांगितलं. एका हॉटेलच्या दोनशे शेड द्यायच्या होत्या, आणि निम्म्याच झाल्या होत्या. धाकटीने अकराही कारागिरांना बोलावलं.

"यात विचारायचं काय आहे?" त्याचा आवाज चढला. सगळ्यांसमोर.

"भट्टीजवळ दिवसभर तुम्ही नसता, ते असतात," ती शांतपणे म्हणाली. पण तिचे कान तापले होते.

एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं बंद करा, कुणी म्हणालं आठवडाभर रेटू. इंजिनिअर हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. सगळ्यात शेवटी फुंकणीने काच फुगवणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी घसा खाकरला. त्यांनी सांगितलं, की तीन दिवस झाले, पहाटे तळातून आवाज येतोय. वाळलेली फांदी मोडावी तसा. आणि खालची फरशी चपलेतूनही चटका देते.

इंजिनिअरने हाताची घडी सोडली. "तळातून?" तो पुटपुटला. "मग दोन दिवस नाहीत. दोन तासही..."

धाकटीने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. मतं संपली होती.

"सगळे बाहेर. आत्ता. हातातलं तिथेच ठेवा."

एकाने फुंकणीवरची अर्धी शेड पुरी करतो म्हटलं. ती म्हणाली, नाही. आत्या काहीतरी बोलायला उठली. "आत्या, तूसुद्धा बाहेर," ती म्हणाली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा आत्याने कुणाचं तरी ऐकलं. इंजिनिअरने धावत जाऊन बाहेरचा इंधनाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. तिने दारात उभं राहून माणसं मोजली. अकरा. आत्या, बारा. मग तो कोपऱ्यावरून येताना दिसला. तेरा, ती मोठ्याने म्हणाली.

पाऊण तासाने भट्टीचा तळ फुटला. वितळलेली काच रिकाम्या फरशीवर संथपणे पसरत गेली, लाल, मग केशरी, मग निवत निवत काळपट. अंगणातून सगळे बघत राहिले. आत्याने भाचीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, मी असते तर त्या काकांना विचारलंच नसतं गं.

धाकटीने हॉटेलला फोन करून जे झालं ते सांगितलं. ते तयार झाले, शंभर आत्ता, शंभर तीन महिन्यांनी. नवी भट्टी बांधायलाच दोन महिने लागणार होते.

बाराव्या दिवशी तो निरोप घ्यायला म्हणून आला आणि फाटकापाशीच घुटमळत राहिला. पिशवीचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर.

"ऑफिसला कळवलं, ही भट्टी मीच बांधणार म्हणून," तो म्हणाला. "आणि मग लक्षात आलं, तुम्हाला विचारलंच नाही."

"भट्टीचं ना? बांधा की."

"भट्टीचं... आणि तुमच्याबद्दलही. माझं केव्हाच ठरून गेलंय. पहिल्या आठवड्यातच. पण हे एकट्याने ठरवून चालत नाही, एवढं इथे शिकलो."

वारा पडला होता. आत कारागीर थंड झालेली काच फोडून गोळा करत होते, तिचा किणकिणता आवाज बाहेर येत होता.

"मग आता?" तिने विचारलं.

"आता थांबतो. तुम्ही हव्या तितक्या लोकांना विचारा."

"तुमच्याबद्दल अकरा जणांनी कालच मत दिलंय, मी न विचारता," ती म्हणाली. "आत्याचंही आलंय. फक्त माझं राहिलं होतं."

त्याचा पट्टा धरलेला हात तसाच राहिला.

तिने पुढे होऊन त्याच्या खांद्यावरची पिशवी उतरवली, फाटकाच्या आत, भिंतीशी नीट टेकवून ठेवली, आणि रिकाम्या झालेल्या त्या हातात आपला हात दिला.