शिळ्या सिंहाची ताजी बातमी

सकाळी साडेदहाला फोन वाजला. पलीकडून धाकटे दीर बोलत होते.

"वहिनी, आजचा पेपर पाहिलात?"

"पाहिला. सिंह सुटलाय."

"अहो, तो चाळीस वर्षांपूर्वी सुटला होता!"

वहिनींनी चष्मा पुसून पहिलं पान पुन्हा वाचलं. याच वर्तमानपत्रात त्यांनी एकतीस वर्षं मुद्रितं तपासली होती. दीर तिथेच तिसऱ्या मजल्यावर जुने अंक सांभाळत. सगळे त्यांना दप्तरी म्हणत. रोज संध्याकाळी ते एक जुनी बातमी टाईप करून तपकिरी पाकिटात घालत आणि पानं लावणाऱ्या बाईंच्या ट्रेमध्ये ठेवत. दुसऱ्या दिवशी ती चौथ्या पानावर 'चाळीस वर्षांपूर्वी' या सदरात येई.

आज त्या सदरात बागेतल्या कारंज्याचं उद्घाटन होतं. आणि पहिल्या पानावर हे:

'सर्कशीतून सिंह निसटला. तीन वर्षांचा खवळलेला नर टपाल कचेरीच्या दिशेने. नागरिकांनी दारे लावून घरातच राहावे.'

गावानं अक्षरशः ऐकलं. शाळा बंद झाल्या. पोस्टमन पत्रांची पिशवी रस्त्यात टाकून पाण्याच्या टाकीवर चढला. नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तातडीचा निर्णय घेतला, रजेचा. गणिताचे एक मास्तर पिवळ्या कुत्र्याला पाहून झाडावर चढले आणि पडून मनगट मोडून बसले. गावात वीस वर्षांत सर्कस आलेली नाही, हे मात्र कुणालाही आठवलं नाही.

"पाकीट माझ्या खोलीतलं होतं, वहिनी. पोलिसांना नाव हवंय. मालक चार वाजता माझं देणार. नोकरीही गेलीच म्हणायची. धाकटीचं कॉलेज अजून दोन वर्षं आहे हो."

"भावोजी, खरं सांगा. तुम्ही केलंत?"

"वहिनी!"

"विचारावं लागतं. आलेच मी."

रस्ता ओस पडला होता. वर्तमानपत्राच्या इमारतीची एकूण एक खिडकी बंद होती. फक्त दुसऱ्या मजल्यावरची एक सताड उघडी. वहिनी क्षणभर थांबल्या, मग आत गेल्या.

पानं लावणाऱ्या बाईंनी दाराला टेबल लावून ठेवलं होतं.

"बातमी कुठून आली?"

"ट्रेमधून. दप्तरींचं पाकीट होतं. वर 'पहिले पान, तातडीचे' असं टाईप केलेलं."

"दप्तरी स्वतः ठेवून गेले?"

"कारंज्याचं ते ठेवून गेले. हे दुसरं कधी आलं, पाहिलं नाही."

"अशी पाकिटं आणखी कुणाला मिळू शकतात?"

"रिकामी इथेच पडलेली असतात. कुणीही उचलतं."

"पण कुणाला विचारावंसं वाटलं नाही?"

"सिंह सुटलाय म्हटल्यावर विचारत कोण बसतंय, वहिनी? मी आधी खिडकी लावली, मग पान लावलं."

दुसऱ्या मजल्यावर संपादक खिडकीशी उभे होते. दोन दिवसांनी ते निवृत्त व्हायचे होते. एखाद्यानं स्वतः लावलेलं झाड न्याहाळावं, तसा ते रिकामा रस्ता न्याहाळत होते. शिपाई चहा घेऊन आला. त्याच्या अंगात स्वेटर होता.

"तुम्ही खिडकी नाही लावलीत?" वहिनींनी संपादकांना विचारलं.

"उकडतंय."

"दप्तरींबद्दल काय वाटतं?"

"माणूस वाईट नाही. पण पुरावा पुरावा असतो, वहिनी. मला तरी काय करता येणार?"

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक खिळा होता. खिळ्याखाली रंगाचा फिकट चौकोन. बोटभर लांब, त्याहून जरा कमी रुंद.

"इथे काय होतं?"

"कॅलेंडर."

"एवढंसं?"

संपादकांनी चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती.

तिसऱ्या मजल्यावर दप्तरींनी जुन्या अंकांचा जाडजूड खंड उघडला. "हीच ती बातमी. माझ्याकडची ही एकच प्रत. बाकीच्या केव्हाच रद्दीत गेल्या."

मथळा तोच होता. पण खालच्या ओळींवर कागदाची एक पट्टी डकवलेली होती. वहिनींनी वाचली: 'खुलासा: सिंहाचे वय तीन नसून तेवीस होते. तो खवळलेला नसून दात पडलेला होता. टपाल कचेरीकडे गेला नसून पिंजऱ्यामागे झोपलेला आढळला.'

"ही कधी लावलीत?"

"पंचवीस वर्षं झाली असतील. लोक जुनी चूक पुन्हा उतरवून घेतात. म्हणून दुसऱ्या दिवशीचा खुलासा मी चुकीच्या ओळींवरच डकवतो. प्रत्येक खंडात."

"खालचं वाचता येतं?"

"माझी खळ आहे, वहिनी. देवालाही येणार नाही."

"संपादकांना ही पद्धत माहीत आहे?"

"ते कधी वर आलेच नाहीत. जिने चढवत नाहीत म्हणतात."

साडेतीनला मालकांच्या खोलीत सगळे जमले. मालक फोनवर हात ठेवूनच बसले होते.

"वहिनी, लवकर. मला तर तो कुलूपवाला वाटतो. बातमीखालीच त्याची जाहिरात आहे, आणि त्याची कुलपं संपली!"

"जाहिरात तीन महिने रोज तिथेच आहे. त्याचं नशीब फळफळलं, एवढंच." वहिनींनी खंड टेबलावर ठेवला. "भावोजींनी बातमी इथून उतरवली असती, तर आज सिंह तेवीस वर्षांचा, बोळका आणि झोपलेला छापून आला असता. कुणी दार लावलं नसतं. पण छापलं गेलं 'तीन वर्षांचा खवळलेला'. या ओळी पट्टीखाली गाडल्या गेल्यात. म्हणजे ज्यानं हे केलं, त्याच्याकडे बातमीचं वेगळं कात्रण आहे."

"चाळीस वर्षं? खोट्या बातमीचं कात्रण कोण जपून ठेवेल?"

"ज्यानं ती लिहिली, तो. आज सगळ्या गावात एकाच माणसाची खिडकी उघडी होती, कारण सिंह नाही हे त्याला पेपर निघायच्या आधीपासून माहीत होतं. उकडतंय म्हणाला, शिपाई स्वेटरमध्ये होता. त्याच्या भिंतीवरून कालपरवा एक चौकट उतरलीय. एकतीस वर्षं मी एका कॉलमाची रुंदी मोजलीय, ती नजरेनं ओळखते. कॅलेंडर तेवढं नसतं."

संपादकांनी स्वतःच कोटाच्या खिशातून एक छोटी चौकट काढली आणि टेबलावर ठेवली. काचेआड पिवळं पडलेलं कात्रण होतं. 'तीन वर्षांचा खवळलेला नर'.

"माझी पहिली बातमी," ते म्हणाले. "त्या दिवशी सगळ्या गावानं दारं लावली होती. पुढे मी दहा हजार अग्रलेख लिहिले. भ्रष्टाचारावर लिहिलं, पाण्यावर लिहिलं. एकानंही काही केलं नाही. जाण्याआधी एकदा पाहायचं होतं, माझं लिहिलेलं कुणी ऐकतं का."

"आणि भावोजींचं नाव पुढे आल्यावर?"

"वाटलं, दोन दिवसांत निवळेल."

"त्यांची नोकरी आज जाणार होती."

संपादकांनी चौकट पालथी ठेवली.

मालकांनी फोनवरून हात काढला. "दप्तरी, तुमची नोकरी शाबूत. आता सांगा. साहेबांचं वय झालंय, दोनच दिवस उरलेत. पोलिसांना नाव कळवायचं की प्रकरण इथेच मिटवायचं? तुम्ही म्हणाल तसं."

दप्तरी मऊ माणूस. सकाळपासून अन्नाचा कण पोटात नव्हता. ते माफ करणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं. शिपायानं चहा सांगायला दरवाजाही उघडला.

"कळवा," दप्तरी म्हणाले.

मालकांनी एक उसासा टाकला आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं फोन संपादकांकडे सरकवला.

"साहेब, जरा पोलिसांना फोन लावा. नेमक्या शब्दांत सांगणं तुम्हालाच जमतं."

संपादकांनी लावला. या वेळी एकही चूक केली नाही.