प्लंबरची गाडी

खुर्च्या जरा जवळ ओढा, आणि तो मोबाईलचा उजेड बंद करा. गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे ना, त्याच्या मालकाची ही हकिकत. त्याने ती मला एकदाच सांगितली, आणि सांगताना सगळा वेळ स्वतःच्या पायांकडे बघत होता. तेव्हा मध्ये हसायचं नाही.

बुधवार होता, डिसेंबरची अकरा तारीख. शेजारच्या गावातल्या एका म्हातारीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिला दुकानापर्यंत येववत नव्हतं, म्हणून नवा चष्मा तिच्या घरी नेऊन द्यायचा होता. चष्मेवाल्याने सातला दुकान बंद केलं, चष्म्याची डबी जॅकेटच्या खिशात टाकली आणि गाडी काढली.

आता त्या गाडीबद्दल आधी सांगायला हवं.

चष्मेवाला म्हणजे छप्पन किलोचा माणूस. वीस वर्षं हलकी गाडी चालवलेली. तिचं मागचं चाक तो एका हाताने उचलून बाजूला सरकवायचा. ही मोटारसायकल मोठी होती. एकशे नव्वद किलो. पहिल्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर आडवी झाली, दोघांनी मिळून उभी केली. बायको म्हणाली, "अहो, हत्तीवरचा माहूत निदान दिसतो तरी. तुम्ही तर टाकीमागे गडपच होता." शेवटी मेकॅनिकने त्याला रिकाम्या मैदानात नेऊन गोल गोल फिरवलं. "चष्मेवाले, चालती असते तेव्हा तिचं वजन तीच पेलते," तो म्हणायचा. "थांबलात की ते तुमच्या अंगावर येतं. पाय कुठे टेकणार ते आधी बघा, मग थांबा. आणि पडायला लागली तर सोडून द्या. तिच्याशी कुस्ती खेळू नका."

हळूहळू हात बसला. मनगटं दुखायची थांबली, वळणावर अंग आपोआप कलायला लागलं. फक्त एक गोष्ट जमेना. गावाबाहेर रस्त्याखालून पाणी जायला मोरी आहे, तिथे आलं की गाडी डावीकडे ओढायची. चराच्या बाजूला. जाताना नाही, येतानाच. मेकॅनिकने दोन्ही चाकं तपासली, हँडल तपासलं. काही दोष नव्हता. "रस्ताच तिथे कललेला असेल," तो म्हणाला. चष्मेवाल्याला ते पटलं नाही.

कारण ती गाडी प्लंबरची होती. प्लंबर म्हणजे आडदांड गडी, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू यावा, आणि हाक मारली की हातातलं जेवण सोडून धावणारा. वर्षापूर्वी त्याच मोरीपाशी घसरून तो चरात गेला, आणि गाडी त्याच्या अंगावर. पहाटे दूधवाल्याला सापडला, तोवर संपला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कुणी गाडी बाजूला केली असती तर माणूस हाती लागला असता.

आणि त्या रात्री कुणीतरी तिथून गेलं होतं. चष्मेवालाच. आपल्या हलक्या गाडीवरून येत होता. चरात खाली त्याला लाल दिवा दिसला. आवाज आला, "अहो..." त्याने वेग कमी केला, एक पायही टेकला. मग मनात आलं, असेल कुणी दारुडा. नाहीतर लुटारूंचा डाव असायचा. शिवाय घरी पाहुणे जेवायचे थांबलेले. त्याने टेकलेला पाय उचलला आणि निघून गेला.

सकाळी बातमी आली तेव्हा तो कुणाच्या तरी चष्म्याची काच घासत होता. ऐकलं आणि घासतच राहिला. काच पार वाया गेली. पण हे कुणालाच कळू दिलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

पुढे प्लंबरच्या बायकोने गाडी विकायला काढली. अपशकुनी म्हणून कुणी हात लावेना. हा गेला आणि घासाघीस न करता घेऊन आला. वाटलं, तेवढंच ओझं हलकं होईल. वहिनींनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "भाऊजी, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून दिवस निघतात," त्या म्हणाल्या. ओझं उतरायचं बाजूलाच राहिलं, दुप्पट झालं.

तर, त्या बुधवारी. म्हातारीने चष्मा लावला आणि पहिल्यांदा त्याच्याकडेच बघितलं. बराच वेळ. "का रे, तुझा चेहरा असा का झालाय? काही लपवतोयस का?"

"नंबर बरोबर लागला म्हणायचा, आजी," तो म्हणाला. पण हसणं काही जमलं नाही.

परत निघाला. मोरीपाशी आला तेव्हा आठ चाळीस झाले होते. समोरून ट्रक आला. मोठे दिवे सरळ डोळ्यांत. काही दिसेना, म्हणून तो कडेला थांबला. डावा पाय टेकवला.

खाली जमीन नव्हती.

मुरूम सरकला. गाडी कलली. सोडून द्यायला हवं होतं, पण हात हँडलला चिकटले. दोघं मिळून चरात गेले.

ट्रक निघून गेला. इंजिन बंद पडलं. डावा पाय गाडीखाली, गुडघ्यापर्यंत. जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही. वर कुठेतरी गवतात मोबाईल वाजत होता. बायको असणार. वाजून वाजून तो थांबला.

मागचा दिवा तेवढा जळत होता. गवतावर लाल उजेड. हाच उजेड त्याने रस्त्यावरून पाहिला होता. आता खालून बघत होता.

मग एक गाडी आली. हलकी. आवाज ओळखीचा. वेग कमी झाला... रस्त्यावर एक पाय टेकल्याचा आवाज आला.

"अहो..." त्याने हाक मारली.

आणि अंगावर काटा आला. तो आवाज त्याचा नव्हता. वर्षापूर्वी ऐकलेला आवाज होता. त्याच्याच घशातून आलेला.

वर इंजिन नुसतं धडधडत राहिलं. मग पाय उचलल्याचा आवाज. गाडी निघून गेली. तिचा दिवा कुठे दिसलाच नाही.

पाय बधिर झाला. किती वेळ गेला, त्याला सांगता येत नाही.

मग चिखलात आवाज झाला.

रस्त्याच्या बाजूने नाही. खालून. मोरीच्या आतून.

एक पाऊल... थांबलं. दुसरं...

त्याने डोळे घट्ट मिटले. गाडीच्या पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं. जड श्वास. आणि गाडी हलकी झाली. हळूहळू. बोटभर... वीतभर. त्याने पाय ओढून घेतला. सरपटत मागे सरकला. डोळे उघडले.

गाडी अर्धवट उचललेली. तशीच, अधांतरी. पलीकडे कुणी नव्हतं.

गाडी खाली येईना.

कुणीतरी ती धरून ठेवली होती. वाट बघत.

"मी होतो," चष्मेवाला म्हणाला. "त्या रात्री... मीच होतो. हाक ऐकली होती मी. थांबलो होतो. आणि... गेलो."

गाडी तशीच वर.

मग गाडी खाली आली. सावकाश. झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी. लाल दिवा विझला.

तो लंगडत घरी पोचला. बायकोला सगळं सांगितलं. रात्रभर दोघं बसून राहिले. उजाडल्याबरोबर तो प्लंबरच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं. आत बोलवायच्या आधीच, उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या त्याने सांगून टाकलं. काही राखून ठेवलं नाही.

त्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "किती वाजले होते?"

"पावणेनऊ."

"त्यांचं घड्याळ सव्वाआठला बंद पडलेलं सापडलं. म्हणजे पुढेही अर्धा तास शुद्धीवर होते." वहिनी दाराला टेकल्या. "मी मनाला समजावत होते, लगेच गेले असतील. काही कळलं नसेल त्यांना."

माफीसुद्धा त्याला मागता आली नाही. तो वळला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "काल साडेनऊच्या सुमाराला कडी वाजली. उघडलं तर कुणी नव्हतं. दार लावून मागे वळले, तर हे. मी पुसलं नाही."

त्या बाजूला झाल्या.

फरशीवर बुटांचे ठसे होते. मोठे, रुंद. चराचा काळा चिखल, वाळत आलेला. उंबऱ्यापासून सुरू होऊन बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत गेले होते.

परत आलेला एकही नव्हता.