नागरत्नाचं बीपी

अमावास्येला म्हैसूरच्या त्या योगशाळेला सुट्टी असते, हे नागरत्नाला कुठून ठाऊक असणार! सकाळी सहाला तिनं दार ठोठावलं, तर गुरुजींचा पुतण्या श्रीकंठ बाहेर आला. हातात अर्धवट झटकलेली सतरंजी.

“आज कुणी येत नाही हो.”

“मी आले की! गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही. तीन महिन्यांत उतरलं नाही, तर डेपोवाले माझी बस काढून घेणार. आठ वर्षं चामुंडीच्या घाटात चालवतेय मी… आता ऑफिसात टेबलाशी बसू?”

तो हसला नाही. यंत्र आणून त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावन्न. “उद्यापासून या, मी शिकवतो,” म्हणाला.

ती आली. रोज आली. सुरुवातीला शवासनातसुद्धा तिचा उजवा पाय मेला ब्रेक दाबायचा! आठ वर्षांचे हॉर्न, उशीर, उतारूंची बोलणी, सगळं अंगात साठलं होतं. हळूहळू खांदे सैलावले. गाढ झोप लागू लागली. वळणावर आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्यांना शिव्या द्यायचंही ती विसरली.

पण दर आठवड्याला श्रीकंठ पट्टा बांधायचा, त्याची बोटं कोपरापाशी टेकायची… आणि आकडा पुन्हा दीडशेच्या वर!

तीन महिने संपत आले. सोमवारी डेपोची वैद्यकीय तपासणी होती. शनिवारी श्रीकंठचाच चेहरा पडला. “माझंच शिकवणं चुकतंय. दुसऱ्या कुणाकडे पाठवू तुम्हाला?”

अगं बाई, आता या माणसाला सांगायचं तरी कसं!

“काकूंना मोजू द्या,” ती खाली बघत म्हणाली. “आणि तुम्ही… जरा बाहेर थांबा.”

काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, कॉफीचा पेला बाजूला ठेवून मोजलं. एकशे बावीस. पुन्हा मोजलं, तेच.

श्रीकंठ आत आला. त्यानं आकडा पाहिला, मग तिला पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला! काकू गालातल्या गालात हसत पेला घेऊन आत गेल्या.

“म्हणजे… इतके दिवस—”

“योगाचा काही दोष नव्हता.”

“मग सोमवारी मी सोबत येऊ नको?”

“दवाखान्याच्या फाटकापर्यंत या. आत पाऊल टाकलंत, तर माझी बस गेलीच म्हणून समजा.”

“आणि तपासणी झाल्यावर?”

नागरत्नानं मान वर केली. “झाल्यावर धरा की हात,” ती म्हणाली, “मग किती का चढेना!”