तारेनं बांधलेला दांडा

शालू पडली ती नेमकी शेणात. केतकी घोडी आडव्या दांड्यापाशी पाय रोवून थांबली आणि शालू तिच्या मानेवरून थेट पुढे गेली. भिलाईच्या नव्या वसाहतीत घोडेस्वारीचा क्लब निघाला होता. यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कामगारांच्या मुलांनाही तिथे उडी शिकवत होते. शालूचे बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. त्यांनी तिला मोठ्या हौसेनं घातलं होतं.

फौजेतून आलेल्या बाबाराव उस्तादांनी शालूला उठवलं नाही. आधी केतकीवर चाबूक ओढला. घोडी खोडकर आहे, सुट्टीअखेरच्या स्पर्धेतही अडली तर जवळच्या उतई गावातल्या वीटभट्टीवाल्याला देऊन टाकीन, असं त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं. भट्टीवरची जनावरं शालूनं पाहिली होती. पाठीची सालटी निघालेली आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या. तिला अंगावरच्या शेणापेक्षा त्या चाबकाची शिसारी आली.

तबेल्यात धाकटा भाऊ चंपत आणि शेजारचा गुलाब वाट पाहत होते. शालूनं केतकीचे पुढचे पाय धुवायला घेतले. गुडघ्याखाली सुजलेल्या जखमा होत्या, त्यांत पू होता, आणि माश्या बसू नयेत म्हणून कुणीतरी त्यावर यंत्राचं काळं ग्रीस थापलं होतं.

"छी! जखमीले ग्रीस कोन लावते?" चंपतनं नाक दाबलं.

"दांड्याचंच लागलं हाये हे," शालू म्हणाली. "पन पाय लागला की दांडा पडते, असं उस्तादच सांगतात. मंग एवढं कावून लागलं?"

तिघांनी आठवून पाहिलं. हल्ली दांडा पडलेला कुणालाच आठवेना. केतकी नाली मजेत ओलांडायची, जमिनीवरचा बांबूही ओलांडायची. अडायची ती फक्त दांड्यापाशी.

दुपारी मोठी माणसं कडुनिंबाखाली घोरत होती, तेव्हा तिघं मैदानात शिरले. गुलाबनं लोखंडी दांड्याला खांदा लावला. दांडा तसूभरही हलला नाही. चंपतनं खाली झोपून पाहिलं, तर दोन्ही टोकांना तार पिळून आवळली होती आणि वरून चुना फासला होता.

गुलाबचे वडील बांधकामावर पाइपांच्या परांच्या बांधायचे. त्यानं तो पीळ ओळखला. मैदान सांभाळणारे धोंडबाकाकाही आधी त्याच कामावर होते. तिथे सुटलेला पाइप माणसाच्या डोक्यात पडतो, म्हणून घट्ट बांधण्यात त्यांची सारी इज्जत होती. इथे दांडा पडला की त्यांना खाटेवरून उठावं लागे. म्हणून इथेही त्यांनी तोच इलाज केला होता. आपल्या झोपेपायी त्यांनी मुक्या जनावराचे पाय फोडले, या विचारानं शालूला त्यांचं तोंडही बघू नये असं वाटलं.

उस्तादांना सांगावं, तर काका उलट पोरांवरच आळ घेतील, असं गुलाबचं म्हणणं पडलं. त्यापेक्षा काकांनाच बोलतं करायचं ठरलं.

संध्याकाळी आईबाप मुलांना न्यायला आले, तेव्हा गुलाब साळसूदपणे म्हणाला, "काका, हा दांडा लय ढिला हाये म्हनते चंपत."

"माया हातचा पाइप ढिला?" धोंडबाकाका भडकले. धिप्पाड गडी सरळ दांड्यावर चढून उभा राहिला. "पाहा, हलते का!"

दांडा हलला नाही. काका छाती काढून सगळ्यांकडे बघत होते, पण उस्तादांचा चेहरा पडला. ते वाकले, तार बोटानं चाचपली, मग केतकीच्या पायांशी जाऊन बसले. उठून त्यांनी मुलांना शाबासकी दिली.

"शाबासकी नको, उस्ताद," शालू म्हणाली. "तार काकानं बांधली. चाबूक त तुमी मारला."

शालूच्या बाबांनी तिला आवरायला हात धरला, पण उस्तादांनी चाबूक खाली टाकला. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः केतकीच्या जखमा धुऊ लागले. त्या भरेपर्यंत स्पर्धाही पुढे ढकलली.

मग शालूनं केतकीला पहिल्यापासून शिकवलं. आधी जमिनीवरचा दांडा, मग घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा. मुठीत आयाळ, नजर दांड्याच्या पलीकडे. तरी दांडा जवळ आला की दोघींचंही अंग आकसायचं.

स्पर्धेत शेवटच्या उडीला केतकीचा खूर लागला आणि दांडा खणखणत खाली पडला. लोक हळहळले. बक्षीस हुकलं होतं. केतकी थबकली, कान टवकारून तिनं पडलेल्या दांड्याकडे पाहिलं आणि आपणहून पुढे दुडकी धरली. शालू तिच्या मानेला मिठी मारून हसत सुटली.

"पडला, उस्ताद! दांडा पडला!"

"पाहिलं, बेटा," उस्ताद म्हणाले. ते शालूच्या बाबांकडे वळले. "घोडी भट्टीवर जात नाही. तिच्यावर कसं बसायचं, ते तुमच्या पोरीनं मलेच शिकवलं." मग ते मैदानात गेले आणि पडलेला दांडा स्वतः उचलून जागेवर ठेवला.