मडक्यातला घुमारा

सावली गावच्या पोस्टात आलेलं पार्सल ज्याचं त्याला पोचवायचं, हे हरिदासचं काम. शहाऐंशीच्या मार्चात एक पार्सल आलं त्यावर त्याचंच नाव होतं. नियम म्हणजे नियम. त्यानं पावती केली, स्वतःच सही ठोकली आणि स्वतःलाच म्हणाला, "घ्या भाऊ, आलं तुमचं." पोस्टमास्तर वामनराव चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

आत ॲम्प्लिफायरचं किट होतं, जाहिरात बघून दिल्लीहून मागवलेलं. दुकानातल्या तयार स्टिरिओच्या किमतीत बैलजोडी आली असती. किटच्या किमतीत फार तर बैलाची शेपटी. हिरवी पट्टी, मसुराएवढे रेझिस्टन्स, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर आणि कुठला भाग कुठं बसवायचा त्याचा नकाशा. सोबत आठ इंची स्पीकर आणि सदऱ्याच्या बटणाएवढा माईक.

गाण्यांची हौस हरिदासला होतीच, पण किट मागवलं मायसाठी. ठमाबाईला सहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. खाणाखुणांवर आणि ओठ वाचून ती घर चालवायची, वर सगळ्यांची थट्टाही करायची. एकदाच म्हणाली होती, "सारं भागते बाबू. तुया आवाज तेवढा इसरून राह्यली मी." ते वाक्य हरिदासच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

अकरा दिवस तो पोस्टातून आला की ओसरीवर पट्टी घेऊन बसायचा. कथलाचा डाग द्यायचा, फुंकर मारायचा, नकाशा बघायचा, डाग उकलायचा. घरभर जळक्या राळेचा वास. त्याची बायको कांता चुलीपासून विचारायची, "शिजला का तुमचा रेडिओ? मीठ टाकू?"

राहता राहिला स्पीकरचा डबा. सागाची फळी कोण आणतो! आमच्या भागात स्पीकर सरळ मडक्याच्या तोंडावर बसवायचे. फुकटात झक्क घुमारा. हरिदास बायनाबाई कुंभारणीकडे गेला आणि एकेक मडकं बोटाच्या पेरानं वाजवून बघू लागला. कोपऱ्यात धुळीनं माखलेलं एक होतं. त्याला टिचकी मारली आणि नाद बराच वेळ राहिला.

"हे कवाचं हो?"

"मले नाई मालूम. मी लगन होऊन आली तवा इथीच होतं," बायनाबाई म्हणाली. "लागते तं ने."

वायर आत न्यायला त्यानं बुडाला खिळ्यानं भोक पाडलं. शेजारची गुणाबाई कुंपणातून बघत होती.

"हरिदासा, भोकाचं मडकं घरात नाई ठेवत. ते एकाच कामाले लागते."

"हो, घुमाऱ्याच्या," हरिदास म्हणाला. गुणाबाई हसली नाही.

रविवारी सकाळी बटण दाबलं. घूं झालं, मग वायरीनं जोडलेल्या घरच्या रेडिओवरची बासरी आली. हरिदासनं मायचा गाल मडक्याला टेकवला, कारण हाडातून आवाज जातो असं त्यानं वाचलं होतं. मग माईक तोंडाशी धरला.

"माय, आयकू येते का?"

ठमाबाई हलली नाही. मग तिचे डोळे भरून आले. "बाप्पा, तुया आवाज तं तुया बापावानी झाला रे," ती म्हणाली. हरिदास रडला, कांता रडली, आणि मग तिघंही खुळ्यासारखी हसत सुटली. त्या दिवशी ठमाबाईनं मुलाला सात वेळा बोलायला लावलं. वामनरावही येऊन माईकात दोन अभंग म्हणून गेले.

दुपारी जेवणं झाली की माय मडक्याजवळ बसू लागली. चौथ्या दिवशी ती कांताला म्हणाली, "उद्या वांगेच कर. भेंडी नोको."

दुसऱ्या दिवशी कांता हातात भेंडी घेऊन विचारायला आली, "आज भेंडी करू की वांगे?" आणि अर्ध्यातच थांबली.

"काल तूच तं इचारत होती मडक्यात," माय म्हणाली.

माईक चालू राहिला असेल, हरिदासला वाटलं. त्यानं प्लग काढला. वायरी सोडवल्या. ॲम्प्लिफायर उचलून फळीवर ठेवला. आता मडक्याच्या तोंडावर एक मुका स्पीकर, बस. मायनं गाल टेकला.

"आता तं अजून साफ येते," ती खूश होऊन म्हणाली.

हरिदासनं स्वतः कान लावला. शंखात येतो तसा पोकळ आवाज, दुसरं काही नाही.

तो पोस्टाचा माणूस. ऐकीव गोष्टीवर त्याचा विश्वास नव्हता. माय जे सांगेल ते तो पोस्टकार्डावर लिही आणि पोस्टात जाऊन त्यावर त्या दिवसाचा शिक्का मारी. शिक्का खोटं बोलत नाही. 'गुणाबाई: तुमच्या कोंबडीनं माया सांबार खाल्ला.' 'वामनराव: चष्मा इथी राह्यला का?' दुसऱ्या दिवशी गुणाबाई चोच मारलेल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी नाचवत आली. वामनराव चष्मा शोधत आले. अशी सहा दिवसांत सहा कार्डं झाली. अक्षर न् अक्षर खरं.

घरात नुसती धमाल. कांता मुद्दाम वेगळं बोलायला जायची आणि तोंडून नेमकं कार्डावरचंच निघायचं. हरिदास म्हणायचा, भोकाच्या मडक्याला सरकारी नोकरी लावून देऊ.

सातव्या दिवशी तो संध्याकाळी पाच वाजता घरी आला. बाहेर मोहाचा वास सुटला होता. मायनं गाल टेकला आणि ती बराच वेळ ऐकत राहिली.

"उद्या लय लोकं हायेत रे घरात. गुणाबाई बोलून राह्यली. वामनराव. बायनाबाईबी आली. कायचा कार्यक्रम ठेवला?"

"काहीच नाई," हरिदास माईकशिवायच बोलला. तिनं ओठ वाचले.

"सगळ्याईचा आवाज येते. तुयाच नाई येत."

हरिदासची पेन्सिल थांबली.

"तू गावाले चालला का उद्या?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग कांतासंग बोलत काऊन नाई? भांडले का तुमी? थे म्हणून राह्यली, काही तरी बोला ना. काही तरी बोला ना."

तेवढ्यात कांता चहा घेऊन बाहेर आली. कार्ड हातात धरून बसलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं आणि हसून म्हणाली, "असे गप्प काऊन? काही तरी बोला ना."

हरिदासच्या जिवात जीव आला. तेच शब्द. एक दिवस इकडचा तिकडं झाला, एवढंच. "बोलतो की," तो मोठ्यानं म्हणाला, "चहा मस्त झाला," आणि अजून घोटही घेतला नव्हता.

मायनं दोघांचे ओठ पाहिले. मान हलवली. पुन्हा मडक्याला गाल टेकला.

"हे नोहोय," ती म्हणाली. "हे तं एकदाच म्हणली. इथी तं म्हणूनच राह्यली."

मग तिनं प्रेमानं हरिदासच्या गुडघ्यावर थोपटलं.

"उद्या बोलजो रे बाबू तिच्यासंग."