शीळ फुटण्याच्या अलीकडे

"तुमचा रेडिओ आमच्या रेडिओले शिट्ट्या मारून राहिला," शालू म्हणाली.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. खोलीत मांडी घालून बसलेल्या मुलाला काही ऐकू गेलं नाही, कारण त्याच्या कानांवर हेडफोन होते. तिने पुढे होऊन एका कानावरचा हेडफोन अलगद उचलला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो आधी दचकला... मग हसला.

"मी नाही मारत जी. हा मारते."

समोर एक लाकडी पाट होता. पाटावर त्याने स्वतः जोडलेला रेडिओ: काचेचा एक व्हॉल्व्ह, फिरवायचं एक बटण, बाजूला बॅटऱ्या आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार.

"पाळला कोण त्याले? तुमीच न? मंग आवरा. आमच्या आबाले कापसाचे भाव ऐकू येत नाही."

ही माझी आई. आणि तो मुलगा, चंद्रभान, माझे बाबा. अमरावती, साल अठ्ठावन्न. आईच्या सांगण्यात ती हेडफोन अलगद उचलते, बाबांच्या सांगण्यात ती तो ओढते. आता आई नाही, तेव्हा मी तिचंच खरं धरते.

चंद्रभान दर्यापूरकडच्या खेड्यातला. वायरलेस ऑपरेटरच्या परीक्षेसाठी तो गोदाबाईंच्या माडीवर राहत होता. भिंतीला भिंत लागून शालूचं घर. तिचे वडील भगवंतराव काळ्या जमिनीचे धनी, आणि गल्लीतला मोठा रेडिओ त्यांचाच. त्यांच्या गच्चीवरून गेलेल्या एरियलच्या तारेला त्या थंडीत कापसाचे पुंजके लटकलेले असत. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात, वारा तेवढं काम करी.

"पण हा शिट्टी मारतेच काहून?" शालूने विचारलं. निघायला हवं होतं... ती निघाली नाही.

चंद्रभानने तारेच्या दोन वेटोळ्यांवर बोट ठेवलं. "या व्हॉल्व्हमधून जे बाहेर येते न, त्यातलं थोडंसं या दुसऱ्या वेटोळ्यातून परत आत सोडाचं. जेवढं जास्त सोडलं, तेवढं दूरचं ऐकू येते. पण त्याले एक हद्द आहे. हद्द ओलांडली की हा नुसता ऐकत नाही, सोताच बोलाले लागते. त्याचं बोलणं एरियलवरून बाहेर जाते, अन् शेजारच्या रेडिओत शिट्टी वाजते."

"मंग हद्दीच्या आत राहावं न!"

"तिथंच तं गंमत आहे." त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "सगळ्यात चांगलं ऐकू येते ते हद्दीच्या अगदी जवळ. शिट्टी फुटाच्या जरासं अलीकडं."

त्या संध्याकाळपासून शीळ बंद झाली. "सुधरला पोट्टा," भगवंतराव खूश होऊन म्हणाले. भाव स्पष्ट ऐकू येत होते. चुलीपाशी बसलेल्या शालूला मात्र वाटलं, घरातून काहीतरी उचलून नेलंय कोणीतरी.

ती विरजण मागायला गोदाबाईंकडे गेली.

"तुमच्या घरी दोन म्हशी," गोदाबाई म्हणाल्या, "अन् विरजण मायाकडून? जा, वर आहे तुयं विरजण."

शालू लाजली, पण जिना चढली. "शिट्टी बंद काहून केली?"

"तुमीच तं आवरा म्हणलं."

"म्हणलं... पण भाव संपले की आबा खुर्चीतच डुलक्या घेते. त्याच्यामागून एखादी वाजली, तं कोणाच्या बापाचं काय जाते?"

त्याच्या हातातली तारेची गुंडाळी निसटली आणि खोलीभर उलगडत गेली.

मग रोज भाव संपले की शेजारच्या माडीवरून एक बारीक शीळ यायची. हळूहळू चढायची, थांबायची, उतरायची. शालूच्या भाकरी करपू लागल्या. तिला उत्तर द्यावंसं वाटे... पण कसं देणार?

"आमचा रेडिओ शिट्टी काहून मारत नाही?" तिने एकदा चंद्रभानला विचारलं.

"मोठ्या घरचा आहे तो. ऐकते सगळं, पण उंबऱ्याबाहेर काही जाऊ देत नाही."

माघात चंद्रभानला अकोल्याची नेमणूक आली. त्याच सुमारास अकोटचं एक स्थळ शालूसाठी येऊ घातलं. सरकी काढण्याच्या कारखान्याची मंडळी. भगवंतरावांच्या मनात ते भरलं होतं.

"आबापाशी बोलत काहून नाही तुमी?" शालूने जिन्यातच विचारलं.

"काय बोलू? मी पगाराचा माणूस. त्यायले शेतवाला जावई पायजे."

"अन् मले काय पायजे?"

तो खोलीकडे वळला. मग आत जाऊन त्याने तो पाट, बॅटऱ्या, हेडफोन सगळं एका धोतरात बांधून आणलं. "मले तिथं सरकारी संच भेटन. हा तुमच्यापाशी राहू द्या."

"याची शिट्टी अकोल्यापर्यंत जाते?"

"नाही... दोन-चार घरं. बस."

तो गेला. शालूने पाट धान्याच्या कोठीमागे ठेवला आणि त्याची एक तार खिडकीतून गच्चीकडे सोडली. दुपारी सगळे निजले की ती हेडफोन लावी आणि बटण हळूहळू पुढे नेई. खरखर वाढे, दूरचे आवाज जवळ येत, भलत्याच गावांचे, भलत्याच माणसांचे. त्यात अकोल्याचं काहीच नसे. शीळ फुटायच्या आधी ती हात मागे घेई.

अकोटचे पाहुणे आले. शालूने चहा दिला, प्रश्नांची उत्तरं दिली, आत गेली. "पोरगी पसंत आहे आमाले," थोरले पाहुणे म्हणाले. "भाव ऐकून घेऊ, मंग सुपारी फोडू."

भगवंतरावांनी रेडिओ लावला. अकोटचा भाव येणार तेवढ्यात शीळ वाजली. उंच, सरळ, थांबेचना.

"रेडिओ बिघडला वाटते, भगवंतराव."

"नाही हो, शेजारचा पोट्टा..." ते बोलता बोलता थांबले. पोट्टा तर अकोल्याला होता.

ते उठून आत गेले. कोठीमागे शालू बसली होती. हात बटणावर, नजर खाली.

"बंद कर ते."

"सुपारी थांबवा, आबा. मंग करतो."

बाहेर शीळ चालूच होती. भगवंतरावांनी त्या तांब्याच्या तारेकडे पाहिलं. "त्यानं तुले एवढं शिकवलं, अन् मायाशी दोन शब्द बोलाले नाही आला?"

"त्याले हद्द ओलांडाची भीती वाटते," शालू म्हणाली. "मले नाही वाटत."

ते बाहेर गेले. पाहुण्यांना म्हणाले, "रेडिओ चांगला आहे. आमचंच जमत नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्त्रीची टोपी घालून, अकोल्याच्या एसटीत बसले.

तो पाट अजून घरात आहे. आई गेल्यावर बाबांनी तो खाली काढला, पुसला, नवी बॅटरी जोडली. संध्याकाळी हेडफोन लावून ते बटण हळूहळू पुढे नेतात, आणि मध्येच थांबतात.

एकदा मी म्हटलं, "न्या की आणखी पुढे. वाजू द्या एकदा."

त्यांनी एका कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

"नाही," ते म्हणाले. "इथंच सगळ्यात चांगलं ऐकू येते."